कचरा कोणाचा, पावती कोणाची?

(जबलपूर येथे कमानिया गेटजवळ रेल्वे व टपाल खात्यांतील मराठी कामगारांच्या सभेत रेल्वे युनियनच्या शाखा सचिवांनी केलेले भाषण)



महागाई भत्ता नाही, पेन्शन नाही, बदल्या नाहीत, आज सचिव कचऱ्यावर बोलणार, असे कळल्यावर मागच्या रांगेतले चार-पाच जण चहाला सटकले ते मला इथून दिसले. सटकू द्या. चहा पिऊन झाल्यावर कागदी कप ते कुठे टाकतात, एवढे शेजारच्याने पाहून ठेवावे. विषय तोच आहे.

झाले असे. मागच्या शाखा बैठकीत आपल्या काही सभासदांनी ठराव मांडला की कचरागाडीचे पैसे आपल्यापैकी कोणीही भरू नयेत आणि युनियनने तसे जाहीर करावे. मी तो ठराव त्या दिवशी मतास टाकला नाही. पुढच्या सभेत घेऊ म्हणालो. यावरून मला बोल लावला गेला आणि तो बरोबर आहे. ठराव आवडला नाही म्हणून कपाटात ठेवण्याचा हक्क सचिवाला नाही. आज तो मतास येईल. त्याआधी माझे म्हणणे ऐकून घ्या, एवढीच विनंती. जागाही त्याला साजेशी आहे. ही कमान १९३९ च्या त्रिपुरी काँग्रेसच्या स्मरणार्थ उभारलेली. त्या वर्षी जानेवारीत सुभाषबाबू १,५८० विरुद्ध १,३७७ मतांनी अध्यक्ष म्हणून निवडून आले आणि मार्चमध्ये इथून जवळच, त्रिपुरीच्या अधिवेशनात, त्यांचेच हात बांधणारा ठराव मंजूर झाला. मतभेद उघड्यावर आणायचे, भांडायचे आणि मग मते मोजायची, ही या जागेची रीत आहे असे समजू.

कमानीला लागून सराफा आहे. सराफ्यात एक माणूस येतो, हिंदीत त्याला न्यारिया म्हणतात, आपल्या मराठीत झारेकरी. सोनाराच्या दुकानातला केर, पायपुसण्यातली धूळ, भट्टीची राख, दुकानापुढच्या नालीतला गाळसुद्धा तो घेऊन जातो. ती माती धुऊन, गाळून, त्यातले सोन्या-चांदीचे कण वेगळे काढणे हा त्याचा पिढीजात धंदा. आणि त्या केरासाठी तो सोनाराला पैसे मोजतो. म्हणजे केर करणारा पैसे घेतो आणि केर नेणारा देतो. दोन गल्ल्या पलीकडे आपल्या घरचा केर नेणाऱ्याला पैसे द्यावेत की नाही यावर आपण ठराव करतो आहोत. हा फरक केरात आहे, की केर नेणाऱ्या माणसाकडे पाहण्याच्या आपल्या नजरेत? माझ्या मते दोन्हींत आहे. आधी केराचे पाहू.

माझे लहानपण रेल्वे क्वार्टरात गेले. घरात दगडी कोळशाची शेगडी. शेगडीची राख भांडी घासायला. वाणसामान कागदाच्या पुड्यांतून यायचे, पुडीला दोरा गुंडाळलेला. तो दोरा आई सोडवून रिळाला गुंडाळून ठेवायची आणि पुडीच्या कागदावर मी पाढे लिहायचो. तेलाला बरणी घेऊन जायचे, दुधाला लोटी. भाजीची देठे, साली म्हशीवाल्याच्या टोपलीत. जुन्या लुगड्याची गोधडी, गोधडी विरली की पायपुसणे, पायपुसणे विरले की शेगडी पेटवायला. शेवटी केराच्या बादलीत राहायची ती उरलेली राख आणि अंगणातला पालापाचोळा. आम्ही फार शहाणे होतो किंवा पर्यावरणवाले होतो असे मुळीच नाही. वस्तू फेकण्याइतके पैसे घरात नव्हते, एवढाच त्याचा अर्थ. आज माझ्याच घरी सौ. दोन डबे ठेवते. ओला डबा रोज भरतो. सुका दोन दिवसांत उतू जातो आणि त्यात बहुतेक सगळी वेष्टने असतात. बिस्किटांची, दुधाची, पिठाची, औषधांची. घरातली माणसे लहानपणच्या घरापेक्षा निम्मी झाली आणि कचरा वाढला.

तेव्हा पहिली गोष्ट ही की कचरा पगाराच्या मागोमाग चालतो. केंद्र सरकारच्या घनकचऱ्याच्या मार्गदर्शक पुस्तिकेत दिलेला अंदाज असा : लहान गावात माणशी रोज २०० ते ३०० ग्रॅम, मध्यम शहरात ३०० ते ४००, मोठ्या शहरात ४०० ते ६०० ग्रॅम. जागतिक बँकेचा २०१८ चा अहवाल सांगतो की जगाच्या लोकसंख्येत जेमतेम १६ टक्के असणारे श्रीमंत देश जगातला ३४ टक्के कचरा करतात. गावोगावचे आणि देशोदेशीचे हे आकडे आपल्या गल्लीलाही लागू पडतात. बंगल्याची बादली आणि झोपडीची बादली सारखी नसते.

दुसरी गोष्ट कुटुंबाची. एका चुलीवर दहा माणसे जेवत असतील तर कचरा काही दहापट होत नाही. तेलाचा डबा एक, वर्तमानपत्र एक, झाडू एक. तेच कुटुंब फुटून तीन फ्लॅटांत गेले की सगळे तीन-तीन. एकत्र कुटुंबाची वकिली मी करत नाही, तिथे सुनांचे काय हाल होतात ते मला माहीत आहे. पण माणशी हिशेब मांडला की मोठे घर कमी कचरा करते, हे खरे.

तिसरी गोष्ट मात्र अशी आहे की तिच्याकडे कामगार संघटनेनेच पाहायला हवे, दुसरे कोणी पाहणार नाही. शाम्पूची रुपयाची पुडी बघा. ही पुडी ऐंशीच्या दशकात दक्षिणेतून सुरू झाली आणि देशभर पसरली. पुडी कोण घेतो? ज्याला महिन्याचा पगार एक तारखेला खात्यात मिळतो तो बाटली घेतो, पाच किलोची पिशवी घेतो, डबा घेतो. ज्याला रोजची हजेरी संध्याकाळी हातात पडते तो रोजच्यापुरते घेतो : पुडीतला शाम्पू, पुडीतली चहापत्ती, पुडीतले तेल. मालाच्या तोळ्यामागे सगळ्यात जास्त प्लास्टिक त्याच्या वाट्याला येते, आणि ते असे प्लास्टिक की कबाडीसुद्धा घेत नाही, कारण ते चार थरांचे असते, वितळवून त्याचे काही होत नाही. नाल्या तुंबतात त्या याच पुड्यांनी. मग वर्तमानपत्रात लिहून येते की झोपडपट्टीवाल्यांना शिस्त नाही. अहो, शिस्तीचा प्रश्न नंतर. आधी त्याला महिन्याचा पगार द्या, तो बाटली घेईल. पगार कसा मिळतो यावर कचरा कसा होतो हे ठरते. जी कंपनी पुडी विकून नफा मिळवते ती तर या हिशेबात कुठेच नसते. वेष्टनाच्या कचऱ्याची जबाबदारी उत्पादकाची, असे नियम कागदावर आले आहेत. पण आपल्या गल्लीत पुडी उचलायला वाकते ती कंपनी नव्हे, सफाईवाली बाई.

आता टपालातल्या बांधवांकडे वळतो. तुमच्या पिशवीत पूर्वी आंतर्देशीय पत्रे असत, पोस्टकार्डे असत, मनीऑर्डरचे फॉर्म असत. त्याचा कचरा होत नसे. घरोघरी भिंतीवर एक वाकवलेली तार असायची, पत्र वाचून झाले की तारेला टोचायचे. वर्षानुवर्षे ती पत्रे लटकलेली. आता तुम्ही पार्सले वाहता. खोक्यात खोके, त्यात फुगे भरलेले प्लास्टिक, त्यात एक मोबाइलचे कव्हर. कोणत्या घराचा सुका डबा किती भरणार हे कचरागाडीवाल्याच्या आधी पोस्टमनला कळते. आम्ही रेल्वेवालेही सोवळे नाही. २००४ साली गाड्यांवर मातीच्या कुल्हडाचा मोठा गाजावाजा झाला. पुढे कुल्हड मागे पडला आणि कागदी कप, पन्नीचे डबे, पाण्याच्या बाटल्या यांचे राज्य आले. एका लांब पल्ल्याच्या गाडीतून यार्डात किती पोती निघतात हे कॅरेज-वॅगनमधल्या भावांना विचारा.

एवढा कचरा आपण करतो आणि त्यातले काय करतो? रद्दी विकतो, लोखंड विकतो, काचेच्या बाटल्या, पुठ्ठा, जुना मिक्सर, सगळे कबाडीवाल्याला मोजून देतो आणि त्याच्याशी दोन रुपयांसाठी घासाघीस करतो. म्हणजे केरातले सोने आपण आधीच काढून घेतो. आपल्या घरचे झारेकरी आपणच! उरते ते कोणालाच नको असलेले : कुजलेले, ओले, वापरलेले पॅड, लहानग्यांचे आणि आजारी म्हाताऱ्यांचे डायपर, फुटकी काच, पुड्या. तेवढे कचरागाडीवाल्याला देतो. म्हणून सराफ्यातला हिशेब इथे चालत नाही. तिथे केर नेणाऱ्याला त्यातून मिळकत आहे. इथे मिळकतीचा माल आपण काढून घेतल्यावर उरलेली घाण तो नेतो. त्याला पैसे कोणीतरी द्यावेच लागतील. प्रश्न एवढाच की कोणी, किती आणि कोणाच्या हातात.

लोक कचऱ्याचे पैसे द्यायला केव्हा तयार होतात आणि केव्हा नाही, याच्या पाहण्या अर्थशास्त्रवाल्यांनी देशोदेशी केल्या आहेत. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, त्यांची गणिते मला समजली नाहीत. पण निष्कर्षात जे पुन्हा पुन्हा येते ते कोणालाही समजेल असे आहे. उत्पन्न असेल तो देतो. शिकलेला थोडा जास्त देतो. घरमालक देतो, भाडेकरू हात आखडतो, कारण उद्या तो तिथे असेल की नाही याची त्याला खात्री नसते. आणि ज्याच्या दारी गाडी नेमाने येते, तो न येणाऱ्या गाडीवाल्या वस्तीपेक्षा सहज देतो. पैसे नेमके कुठे जातात यावर विश्वास नसला की श्रीमंतही देत नाही. आपल्या सभासदांचे आक्षेप मी वहीत लिहून घेतले होते. ते जवळजवळ हेच निघाले.

पहिला आक्षेप, मालमत्ता कर भरतो, मग पुन्हा हे कशाला? आक्षेप चुकीचा नाही. २००० सालच्या कचऱ्याच्या नियमांत घरटी शुल्काची सक्ती नव्हती. २०१६ साली नवे नियम आले त्यांत ओला, सुका आणि घातक असा तीन तऱ्हांचा कचरा वेगळा देण्याची जबाबदारी घरावर आली, तिच्याबरोबरच शुल्कही आले. म्हणजे जे काम शहराने सगळ्यांच्या करातून करायचे, त्यातला एक तुकडा काढून त्याची वेगळी पावती फाडली. उद्या रस्त्यावरच्या दिव्याचीही फाडतील. तत्त्व म्हणून मी याच्या विरोधातच आहे, आणि हे मी महानगरपालिकेच्या दारातही बोलेन. पण तत्त्वाची लढाई आणि उद्या सकाळची गाडी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

दुसरा आक्षेप, गाडी येतच नाही. येत नसेल तर पैसे नाहीत, यात वादच नाही. काम नाही तर दाम नाही हे आपल्याला फार ऐकवतात, कधीतरी आपणही ऐकवू.

तिसरा आक्षेप मला सगळ्यात वजनदार वाटतो. दोन खोल्यांच्या चतुर्थ श्रेणीच्या घरालाही तेवढेच आणि तीनमजली घरालाही तेवढेच, किंवा थोडेसेच जास्त, हा कुठला न्याय? आधी सांगितले ते आठवा. बादली पगारामागे मोठी होते, पण पावती बादलीमागे मोठी होत नाही. दक्षिण कोरियाने १९९५ सालापासून वेगळा मार्ग धरला. तिथे कचरा सरकारमान्य पिशवीतच टाकायचा आणि पैसे त्या पिशवीचे द्यायचे. जेवढा कचरा तेवढ्या पिशव्या, तेवढे पैसे. पुनर्वापराचा माल वेगळा दिला तर त्याला पैसे नाहीत. पुढच्या काही वर्षांत तिथला माणशी कचरा चांगलाच घटला. आपल्याकडे हे उद्याच करा असे मी म्हणणार नाही. पिशवीला पैसे लावले तर रात्रीच्या अंधारात पिशव्या रेल्वे लाइनच्या कडेला येऊन पडतील आणि आमच्या गँगमन बंधूंच्या, आता त्यांना ट्रॅक मेंटेनर म्हणायचे, त्यांच्या नशिबी येतील. पण घराच्या आकारमानाने शुल्क लावणे, मंगल कार्यालये, हॉटेले आणि मोठी दुकाने यांच्यावर खरा भार टाकणे, हे करता येण्याजोगे आहे आणि आपण तेच मागितले पाहिजे.

मंडळी, कचरा नजरेआड झाला की संपला असे आपल्याला वाटते. रेल्वेवाल्यांना तरी तसे वाटू नये, कारण मुंबईचा कचरा एके काळी रेल्वेनेच वाहिला आहे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, घाणीची धास्ती बसली, आणि शहराचा केर शहराबाहेर नेण्याची निकड वाढली. कुर्ल्याहून चेंबूरपर्यंतची लाइन १९०६ साली टाकली ती कचरा वाहण्यासाठी. माणसांची गाडी तिच्यावर धावू लागली ती १९२४ साली. आज हार्बर लाइनने चेंबूरला उतरणाऱ्याला हे ठाऊकही नसेल. १९२७ पासून देवनारला कचरा पडू लागला आणि पडतच राहिला. त्याचे डोंगर झाले. डोंगराच्या पायथ्याशी माणसे राहायला आली, कारण दुसरीकडे परवडत नव्हते. २०१६ च्या जानेवारीत त्या डोंगराला आग लागली, दिवसेंदिवस धुमसत राहिली, शाळा बंद ठेवाव्या लागल्या. कचरा करणारे दक्षिण मुंबईत आणि धूर गोवंडीच्या पोरांच्या नाकात. पैसे कोणी दिले म्हणायचे? गोवंडीने दिले.

आपल्या जबलपूरनेही २०१६ सालीच कठौंद्याला कचरा जाळून वीज करण्याचा कारखाना पाहिला, साडेअकरा मेगावॉटचा, रोज सहाशे टन कचऱ्याच्या क्षमतेचा. वीज करणे वाईट नाही. पण आपला कचरा निम्म्याहून अधिक ओला. ओली लाकडे शेगडीत घातल्यावर काय होते ते इथल्या प्रत्येक बाईला माहीत आहे. म्हणून घरात दोन डबे हवेत. कोणाला बक्षीस मिळावे म्हणून नव्हे. आणखी एक गोष्ट. अशा कामांत ठेकेदाराला पैसे मिळतात ते बहुधा टनावर. जितके वजन तितके बिल. मग कचरा कमी व्हावा, ओला-सुका वेगळा व्हावा, असे वाटणारा त्या साखळीत राहतो तरी कोण? पावसाळ्यात भिजलेला कचरा ठेकेदाराला सोन्यासारखा. सराफ्याची आठवण पुन्हा आली.

आता पुण्याचे उदाहरण सांगतो, कारण तिथे पैसे कोणाच्या हातात जावेत याचे एक वेगळे उत्तर निघाले. पुण्यात कागद, काच, पत्रा वेचणाऱ्या बाया होत्या. बहुसंख्य दलित, त्यांतही मातंग समाजाच्या खूप, कित्येकींची कुटुंबे १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून आलेली. कुत्री मागे लागायची, पोलीस चोर म्हणून धरायचे. १९९३ साली बाबा आढावांच्या पुढाकाराने आणि एसएनडीटी विद्यापीठातल्या कार्यकर्त्या बायांच्या मेहनतीने त्यांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. युनियनच म्हणा ना. आधी त्यांनी ओळखपत्र मिळवले. मग म्हणाल्या, उकिरड्यावर कशाला, आम्ही दारातूनच कचरा घेतो. २००८ साली त्यांच्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेचा पुणे महापालिकेशी करार झाला. घरमालक दरमहा ठरलेले पैसे थेट त्या बाईला देतो, सुका माल विकण्याचा हक्कही तिचाच. मध्ये ठेकेदार नाही. तिथे सगळे गोड आहे असे नाही. तिथेही लोक पैसे चुकवतात, तिथेही करार वाढवताना दर वेळी ओढाताण होते, आणि महिन्याच्या कायम नोकरीची हमी त्या बायांना नाहीच. पण एक फरक पडला. पैसे मागायला दारात येणारी बाई लोकांना नावाने माहीत झाली. जिला नावाने ओळखतो तिचे पैसे बुडवायला माणूस थोडा तरी लाजतो.

याउलट आपले काय चालले आहे, ते माझ्यावरूनच सांगतो. दोन वर्षांपूर्वी ऐन पावसाळ्यात आमच्या वस्तीत गाडी यायची थांबली. चार दिवस, पाच दिवस. कोपऱ्यावर ढीग, माशा, वास. सभासदांचे फोन सुरू झाले, सचिवसाहेब, काहीतरी करा. मीही चिडलो. अधिकाऱ्यांना फोन लावले, युनियनचे नाव सांगून आवाज चढवला, गाडी ताबडतोब पाठवा म्हणालो. सहाव्या दिवशी गाडी आली. तिच्यावरच्या बाईला मी दारातूनच विचारले, इतके दिवस होतात कुठे? ती हिंदीत बोलली, मी आपल्या भाषेत सांगतो. ती म्हणाली, भैया, तीन महिने पगार नाही म्हणून आम्ही काम बंद केले होते; तुमच्यासारख्या कोणा युनियनवाल्याचा वरून फोन आला आणि ठेकेदाराने सांगितले की आज गाडीवर चढला नाहीत तर दुसरी माणसे आणतो.

बंधूंनो, १९७४ चा रेल्वे संप आमच्या वडिलांनी केला. क्वार्टर सोडण्याच्या नोटिसा पाहिलेल्या घरातला मी. आणि मी दुसऱ्यांचा संप फोनवरून मोडला, तोही वास येतो म्हणून. त्या बाईला मी हे सांगितले नाही. सांगायला हवे होते. आज तुमच्यापुढे सांगतो आहे.

म्हणून मूळ ठरावाला माझा विरोध आहे. आपण पैसे दिले नाहीत तर महापालिकेचे काही अडत नाही, ठेकेदाराचेही नाही. तो एवढेच सांगेल की वसुली नाही, म्हणून पगार नाही. आपला बहिष्कार त्या बाईच्या पगारातून कापला जाईल. १९६८ साली अमेरिकेत मेम्फिस शहरात दोन सफाई कामगार कचऱ्याच्या गाडीच्या दाबयंत्रात सापडून मेले, तेव्हा तेराशे कामगार संपावर गेले. त्यांच्या पाठीशी उभे राहायला मार्टिन ल्यूथर किंग तिथे आले आणि ४ एप्रिल १९६८ रोजी तिथेच त्यांचा खून झाला. कचऱ्याच्या गाडीवरचा माणूस माणूस आहे, एवढ्याच साध्या मुद्द्यावर तो संप होता. आपल्याकडचे उदाहरण हवे तर मुंबईचे घ्या. महापालिकेच्या कचऱ्यावर राबणाऱ्यांना वर्षानुवर्षे कंत्राटात ठेवले, कामगार नव्हे तर स्वयंसेवक म्हटले. कचरा वाहतूक श्रमिक संघाने लढा दिला आणि २०१७ साली सर्वोच्च न्यायालयातून २,७०० जणांना कायम करण्याचा निवाडा मिळवला. लढाई एका तपाहून जास्त चालली. तोवर काही जण त्याच कामाच्या रोगांनी गेले.

आता कायदाही बदलला आहे. चार श्रमसंहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. त्यांतल्या सुरक्षा आणि कामाच्या परिस्थितीच्या संहितेत एक खुबी आहे ती वाचून ठेवा. मुख्य कामात कंत्राटी कामगार नको असे तिथे म्हटले आहे, आणि लगेच पुढे, झाडलोट, सफाई, कचरा उचलणे ही कामे मुख्य कामात मोडत नाहीत, आस्थापना त्याच कामासाठी स्थापन झालेली नसेल तर, असेही म्हटले आहे. म्हणजे दार लावले आणि खिडकी उघडी ठेवली. खिडकीतून कोण आत आले ते आपल्या स्टेशनांवर आणि गाड्यांत बघा. कायम सफाईवाल्यांच्या जागा जाऊन तिथे ठेकेदारांचे गणवेश आले. तरीही एक तत्त्व जुन्या कायद्यातून नव्यातही टिकले आहे : ठेकेदाराने पगार दिला नाही तर तो मूळ मालकाने द्यायचा. हे कलम त्या बाईला माहीत नाही. आपल्याला माहीत आहे. युनियन म्हणजे आणखी काय असते?

तेव्हा माझी उपसूचना अशी. ज्या वस्तीत गाडी नेमाने येते तिथे आपल्या सभासदांनी पैसे भरावेत आणि छापील पावती घ्यावी; पावती नाही तर पैसे नाहीत. जिथे गाडी येत नाही तिथे न आलेल्या दिवसांची नोंद कॅलेंडरवर करावी आणि ते कॅलेंडर शाखेत आणून द्यावे. शुल्क घराच्या आकारमानाने लावावे आणि पेन्शनर विधवांना, एका खोलीत राहणाऱ्यांना त्यातून वगळावे, असे निवेदन महापालिकेला द्यावे. त्याच निवेदनात विचारावे की गाडीवरच्या माणसांचा पगार कोणत्या तारखेला होतो, भविष्यनिर्वाह निधी कोणत्या खात्यात जमा होतो, हातमोजे आणि बूट वर्षाला किती मिळतात. आपण पैसे देणारे आहोत. विचारण्याचा हक्क पावतीबरोबर येतो. आणि पुठ्ठा, बाटल्या यांसारखा सुका माल, आपल्याला रद्दीचे फार पैसे येत नाहीत, तो धुऊन-पुसून गाडीवरच्या लोकांना द्यावा. काच कागदात गुंडाळावी, पॅड आणि डायपर वेगळ्या कागदात बांधून वर खूण करावी. तिचे हात कापतात ते आपल्याच काचेने.

आपल्या शाखेचे ऑफिस रविवारी सकाळी रिकामेच असते. गाडीवरची काही माणसे तिथे येऊन बसायला तयार आहेत. युनियन कशी नोंदवतात एवढेच त्यांना विचारायचे आहे. आपल्यापैकी लिहिता-वाचता येणारे दोघे-तिघे हवेत. आपल्या महिला सभासदांतून कोणी आले तर अधिक बरे, कारण गाडीवर बायाही आहेत आणि त्या माझ्याशी मोकळेपणी बोलणार नाहीत. कारण तुम्हाला आताच सांगितले.

मूळ ठराव मांडणाऱ्या बंधूंना उत्तर देण्याचा हक्क आहे, ते पाच मिनिटे बोलतील. त्यानंतर हात वर करून मतदान. आधी उपसूचना, मग मूळ ठराव, नेहमीच्या पद्धतीप्रमाणे. चहाला गेलेल्यांना कोणीतरी बोलावून आणा, त्यांचीही मते आहेत.